उसाआडची ताटली

मी नाथाजींच्या छपरावरची डिश बोलतेय. टीव्हीची नव्हे. ती माझ्या शेजारी आहे आणि तिची मान कायम आभाळाकडे असते. माझी मान सरळ समोर, आष्ट्याच्या दिशेला. तिकडून हवेतून येणारं इंटरनेट झेलायचं आणि खाली घरात सोडायचं, एवढंच माझं काम. नाथाजींच्या घरधनीण बनुबाई मला ताटली म्हणतात. म्हणू देत, पोटाला तर काही लागत नाही मला.

आम्ही दोघी बहिणी, एकाच खोक्यातल्या. कराडच्या दुकानातून आम्हाला नाथाजींनी आणलं ते सुनेसाठी. सून राजेश्वरी पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करते. नवरा पृथ्वीराज फौजेत, लांब सरहद्दीवर. नाथाजींची वस्ती गावाबाहेर उसात, तिथे फोनला रेंज मिळायची ती फक्त गोठ्यामागे, तीही म्हैस आडवी आली नाही तर. राजेश्वरीच्या माहेरी, आष्ट्यातल्या बंगल्यात, मात्र जोरदार नेट. रस्त्याने सात किलोमीटर, पण सरळ रेषेत जेमतेम तीन. म्हणून ठरलं, एक डिश तिच्या वडिलांच्या, आप्पासोंच्या गच्चीवर आणि दुसरी इथे. बहीण माहेरी राहिली, मी सासरी आले.

बनुबाईंना हे पसंत नव्हतं. "सुनंच्या माहेरनं रोज उठून कायतरी घ्यायचं, बरं दिसतं व्हय? लोक काय म्हंत्याल?"

"वाऱ्यावरनं येतंय," नाथाजी म्हणाले. "लोकांस्नी दिसतंय कुठं?"

नाथाजींनी बावीस वर्षं फौजेत वायरलेसचं काम केलेलं. त्यामुळे कारागीर बोलवायचा प्रश्नच नव्हता. फाल्गुनात ऊस कारखान्याला गेला होता, रान मोकळं होतं. ते छपरावर चढले, दुर्बीण लावली, उंचावर मिळाली तेवढ्या रेंजवर आप्पासोंना फोनवर धरलं आणि "डावीकडं, जरा वर, बास बास!" करत आम्हा दोघींची तोंडं समोरासमोर आणली. हिरवे दिवे लागले. खाली उतरून त्यांनी बनुबाईंना शास्त्र सांगितलं, "ह्या दोघींनी एकमेकींला बघाय पायजे. मदी डोंगर आला की खेळ खल्लास."

"डोंगरापल्याडचं कायच येत न्हाई?"

"कायच न्हाई."

बनुबाई भाकरी बघायला आत गेल्या.

चार महिने सुरळीत गेले. राजेश्वरी कानाला यंत्र लावून इंग्रजीत बोले, बनुबाई दाराआडून ऐकत आणि शेजारणीला सांगत, "सायबाला लय झाडती गं." मग श्रावणात माझे दिवे डोळे मिचकावू लागले. बोलता बोलता राजेश्वरीचं चित्र थिजायचं, तोंड उघडंच राहायचं. कंपनीने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा शेवटचंच. सोमवारी परदेशी गिऱ्हाइकासमोर दोन तासांचं काम आहे. मध्ये तुटलं तर पुण्यात येऊन खुर्चीवर बसा, नाहीतर नोकरी सोडा. राजेश्वरीला नोकरी सोडायची नव्हती आणि घरही सोडायचं नव्हतं. ती रात्री जेवली नाही.

नाथाजी छपरावर आले. माझी वायर बदलली, अडॅप्टर बदलला, चार सणसणीत फौजी शिव्या दिल्या. मग आप्पासोंना फोन. "पाव्हणं, तुमच्याकडची हाललीया बगा."

"आवं, माझी जागची हालली न्हाई. तुमचीच बगा."

"मला शिकवू नका. मी लडाखात तारा जोडल्यात."

दोघा व्याह्यांनी फोन आपटले. राजेश्वरी मधल्या मधे रडकुंडीला आली, कारण एक तिचा बाप आणि दुसरा सासरा.

मला सगळं दिसत होतं. म्हणजे, दिसत नव्हतं, हेच तर सांगायचं होतं. पण आम्हाला वाचा कुठली?

शनिवारी बनुबाई वैरणीला गेल्या. समोरचं रान थोडं चढाचं आहे आणि त्यापुढे ओढ्याकडे उतरतं. त्या चढाच्या पलीकडच्या बांधावर उभ्या राहून त्यांनी घराकडे पाहिलं आणि तिथूनच हाक मारली, "आवं! हितनं ताटली दिसंना की!"

नाथाजी बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यासमोर पाहिलं. चढावर दीड पुरुष उंच ऊस, गर्द हिरवा, वाऱ्यावर डुलणारा. लडाखच्या दगडाला कोंब फुटत नाहीत, त्यामुळे बावीस वर्षांत हे गणित त्यांना कधी पडलंच नव्हतं. ज्या हातांनी मला नेम धरून बसवलं, त्याच हातांनी त्यांनी माझ्यासमोर भिंत वाढवली होती, खत घालून, पाणी पाजून. आप्पासोंचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला असावा. ते ओट्यावर बसले.

"खांब उंच करू," ते म्हणाले.

"सोमवारपतोर हुईल?" परत आलेल्या बनुबाईंनी विचारलं.

"न्हाई. वेल्डर गौरी-गनपती झाल्याबिगर येत न्हाई."

बनुबाईंनी कोयता घेतला.

"अगं, खुळी का काय? उभा ऊस हाय! कारखान्याची टोळी यायला अजून तीन-चार म्हैनं हायती. गावात यंदा माझ्या उसाचं नाव हाय!"

"ऊस पुन्यांदा फुटंल," बनुबाई म्हणाल्या. "हिचा सोमवार पुन्यांदा यायचा न्हाई."

पहिला घाव त्यांनीच घातला. दुसऱ्या सरीला राजेश्वरी आली, तिसऱ्या सरीला नाथाजी निमूट आले. रविवार संध्याकाळपर्यंत उसातून आरपार चार सऱ्या मोकळ्या झाल्या आणि म्हशींची चंगळ झाली. गाव हसलं. त्या फटीतून मला माझी बहीण दिसली आणि दिवे हिरवे झाले. नाथाजींनी फोन लावला, "पाव्हणं, चूक माजी हुती." आप्पासो एवढे गडबडले की जेवायला यायचं कबूल करून बसले.

सोमवारी दोन तास मी पापणी हलवली नाही. राजेश्वरी खोलीतून बाहेर आली आणि सासूच्या गळ्यात पडली. मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

त्याला दोन वर्षं झाली. आता वस्तीवर खांबावरून इंटरनेटची वायर आली आहे. माझी पिन काढून ठेवली आहे, एका बाजूला चिमणीने काड्या जमवल्या आहेत. यंदा उसाची नवी लागण करताना नाथाजी म्हणाले, "त्या चार सऱ्याबी लावून घिऊ. ताटली बंदच हाय."

"ऱ्हाऊ द्या मोकळ्या. भुईमूग टाका."

"कशापायी?"

बनुबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. "माजं म्हायार पाटनकडं. मदी डोंगर. चाळीस वर्सं झाली, हितनं कवा दिसलं न्हाई. हिचं दिसतंय तर दिसू द्या."

नाथाजींनी भुईमूग टाकला.

संध्याकाळी काम संपलं की राजेश्वरी चहा घेऊन ओट्यावर येते. फटीतून आष्ट्यातला पिवळा बंगला दिसतो, थोड्या वेळाने त्याच्या गच्चीवर दिवा लागतो. तिथे माझी बहीणही बंद पडून उभी आहे.

तेव्हा एकच मागणं आहे. भंगारवाला आला तर मला देऊ नका. मला आता काम नाही, पण समोर बघायचं आहे.