सोजराबाईंनी ताट झाकलं

"सलाम वहिनी," म्हणत शेखरनं दानाची थैली माझ्यापुढे धरली.

माझ्या नवऱ्याची तीन बोटं घालवून वर मलाच सलाम! थैली हिसकावून त्याच्या तोंडावर मारावीशी वाटली. शेजारी रणजीत उजव्या हाताचं बँडेज रुमालाखाली झाकून बसला होता, जसं काही लाज त्यालाच वाटायला हवी.

आमची ख्रिस्ती मंडळी उपासनेसाठी मोशीत हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरते. निम्मे लोक आमच्यासारखे जालन्याकडून आलेले, चाकणला कंत्राटावर राबणारे. शेखरही त्यातलाच. त्यानंच रणजीतला कंपनीत लावलं आणि तोच त्याचा सुपरवायझर. पत्रा दाबायच्या प्रेसपुढे सेन्सर असतो, हात आत गेला की मशीन थांबतं. सारखं थांबलं की माल कमी निघतो, म्हणून शेखरनं तो बंद करून ठेवला होता. लाइनवर सगळ्यांना माहीत होतं. अपघातानंतर तासाभरात सेन्सर चालू झाला आणि साहेबांपुढे शेखर म्हणाला, रणजीत मोबाइल बघत होता. अहो, मोबाइल लॉकरमध्ये होता!

मंगळवारी सरकारी इन्स्पेक्टर चौकशीला यायचे होते. शेखर तिथंही हेच बोलला, तर चूक रणजीतची ठरणार होती. मग तुटका हात घेऊन घरी बसायचं आणि खोटारडा म्हणूनही जगायचं.

मी पाळकसाहेबांच्या घरी जाऊन, त्यांच्या आईसमोरच, सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "क्षमा कर, मोनिका. राग प्रभूच्या पायाशी ठेव."

राग म्हणजे काय चप्पल आहे, दाराशी काढून आत यायला? मी प्रार्थना करणंच सोडलं. त्या रविवारी आले ती रणजीतच्या हट्टापायी, आणि हे शेवटचं असं ठरवून.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं. ताटात भाकरीचे तुकडे, छोट्या कपांत द्राक्षरस. पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाच्या मनात भावाविषयी काही असेल, तर आधी समेट करा, मग मेजाकडे या." यावर कधीच कुणी काही बोलत नाही. माणसं पायांकडे बघतात, जरा खोकतात आणि रांगेत उभी राहतात. त्याही दिवशी राहिली. सगळ्यात पुढे शेखर.

"चल ना," रणजीत म्हणाला.

"नाही येत. याच्याबरोबर एका ताटातलं मला गिळवणार नाही. देवाचं असलं तरी."

मी हळू बोलले असं मला वाटलं. सगळ्या हॉलनं ऐकलं.

ताट धरून सोजराबाई उभ्या होत्या, पाळकसाहेबांच्या आई. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेखरकडे. त्याचा हात भाकरीपर्यंत पोचला होता. त्यांनी ताट मागं घेतलं, मेजावर ठेवलं आणि वर पांढरं फडकं टाकलं.

"आज न्हाई," त्या म्हणाल्या.

"आई, अगं, मंडळीसमोर..."

"मंग कुणासमोर? दर महिन्याला इच्यारतोस ना, कुणाच्या मनात काय हाय? आज एकीनं सांगितलं, तर तुला ऐकू येईना व्हय?"

म्हातारी शेखरकडे वळली. "ते मशीनचं सेन्सर का काय, कुणी बंद केलतं?"

शेखरनं रणजीतच्या हाताकडे पाहिलं. अपघातानंतर पहिल्यांदाच.

"मी," तो म्हणाला. "वरून सांगितलं होतं, आजी. खरं बोललो तर नोकरी जाईल माझी."

"ह्याची बोटं गेली ना रं! मंगळवारी तिथं बोल हे. तवर ताट झाकलेलंच ऱ्हाईल. कुणालाच न्हाई, मला बी न्हाई."

"एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना कशाला?" मागून कुणीतरी कुरकुरलं.

"सगळ्यांना ठावं व्हतं ना?"

लाइनवरची पोरं खाली मान घालून आधी बसली, मग बाकीचे. माझा बांध फुटला. ते रडू दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. पण कित्येक दिवसांनी मी देवाशी बोलत होते, वाटेल ते बोलत होते. देव माझी समजूत काढत बसलेला नाही, तोही माझ्यासारखाच चिडलाय, असं मला वाटलं. अशा देवावर मला विश्वास ठेवता येत होता.

मंगळवारी शेखर इन्स्पेक्टरपुढे खरं बोलला. बुधवारी त्याला गेटवरूनच परत पाठवलं.

पुढच्या रविवारी तो आला आणि रांगेत सगळ्यात मागं उभा राहिला. सोजराबाईंनी फडकं काढलं. त्या सकाळी त्यांनी ताजी भाकरी थापली होती. ताट उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"मला नका देऊ," मी म्हणाले. "माझा राग गेलेला नाही."

"नसू दे. ताट धर, पोरी."

एकेक जण घेऊन गेला. रणजीतनं डाव्या हातानं घेतलं. शेवटी शेखर समोर आला. त्याचा हात वर येईना.

"घे," मी म्हणाले. आवाजात राग होता आणि तो मी लपवला नाही. ताट मात्र त्याच्यापुढे तसंच धरून ठेवलं, त्यानं घेईपर्यंत.