पाचवं ताट

मी मल्लिनाथअप्पांच्या दुकानातला टीव्ही बोलतोय. काळा-पांढरा, लाकडी दाराचा. कारखान्यात माझ्या पोटात तारा भरल्या, अक्कल भरली नाही. काचेवर दिसतं त्याचा अर्थ तुमचा तुम्ही लावायचा.

नेकनूरला आणलं तेव्हा मला हार घातला, ऊद लावला. दर रविवारी सकाळी अस्वलाच्या बाहुल्यांचा कार्यक्रम लागे. मालकाची माणसं आत सतरंजीवर, ऊसतोड्यांची पोरं बाहेर खिडकीला. अस्वलं चार, पण जेवायला ताटं पाच मांडलेली. पाचव्यावर कुणीच बसत नसे आणि का, ते कार्यक्रमात कधी सांगत नसत.

"करणाराची चूक हाय, दुसरं काय," अप्पा म्हणत.

त्यांच्या बायकोला, नीलम्माला, ते पटत नसे. "जंगमाचं ताट असंल. आपण न्हाई का आदी त्याला वाढत?"

तंबाखू घ्यायला आलेला तानाजी म्हणाला, "मुकादमाचं हाय. चौघांनी राबायचं, त्यानं बसून खायचं." सगळे हसले.

खिडकीतली वनमाला हसली नाही. तिचा धाकटा भाऊ सुग्रीव माजलगावकडं तोडीवर असताना गाडीच्या चाकाखाली गेला होता. घरी ती त्याचं ताट मांडायची आणि तिची आई छबुबाई तेच ताट उचलून तिच्या पाठीत घालायची. पाचवा येतो की नाही, एवढंच त्या पोरीला बघायचं होतं.

दसऱ्यानंतर तोडीला निघताना ती अप्पांच्या मुलीला, रुद्राणीला, म्हणाली, "त्यो आला तर ध्यानात ठेव. मला सांग."

थंडीत एका रविवारी पाचवं ताट दिसलंच नाही. चौघं जेवली, हसली. का, ते याही वेळी कुणी सांगितलं नाही. पुढं कार्यक्रमही बंद पडला आणि त्या वेळेला नव्या नव्या साबणांच्या जाहिराती लागू लागल्या.

पाडव्याच्या सुमारास वनमाला परतली ती थेट खिडकीशी आली. रुद्राणीनं मैत्रिणींना डोळा मारला. "आला की. पोटभर जेवला. ताट मांडणं सोडलं न्हाई म्हणून आला."

संध्याकाळी पोरी तिच्या मागोमाग गेल्या आणि कुडाआडून बघत राहिल्या. वनमालानं ताट मांडलं, भाकरी वाढली, आणि आईनं तिला बडवलं. दुसऱ्या दिवशी रुद्राणीनं ते सगळं माझ्यासमोर करून दाखवलं, रडण्यासकट. नीलम्माही पदर तोंडाला लावून हसली. माझा त्यांच्यावरचा जीव तेव्हाच उडाला.

रविवारी छबुबाई स्वतः उंबऱ्याशी आली.

"अप्पा, त्यो जेवलेला पोरगा एकदा दावा. लई मारलं मी लेकीला."

रुद्राणी आत सटकली. अप्पांच्या सगळं लक्षात आलं. त्यांनी गालात हसत बटण दाबलं. फेसात बसलेलं एक गुबगुबीत पोर खिदळत होतं. बाईनं ते शेवटपर्यंत पाहिलं.

"ह्यो न्हाई," ती म्हणाली.

"मंग फुडच्या रविवारी या."

ती आली. पुन्हा आली. अप्पांनी गिऱ्हाइकांना खुणावून तिला दाखवायला सुरुवात केली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, पण ते कुणालाच सांगायचं नव्हतं.

आता दुकानात रंगीत टीव्ही आलाय. मी गोदामात पेंडीच्या पोत्यांमागं पडलोय, उंदरांनी माझ्या तारा खाल्ल्यात. तोडीवरून परतली की छबुबाई अजून येते. अप्पा बोट दाखवतात, "त्यो त्या जुन्यात हाय." ती माझ्यासमोर बसते, पदरानं काच पुसते आणि वाट बघते.

मला दुरुस्त करू नका. यंदाचा पट्टा पडायच्या आत, ऊसतोड संपून ती परतायच्या आत, कुणीतरी माझी काच फोडा.