गंज माझा नव्हे

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा. कोणीतरी आपले चिखलाचे हात तुमच्या पाठीला पुसले आणि वर तुम्हालाच गलिच्छ म्हटले. तुम्ही गप्प बसाल?

मी एक जुनी दुधाची टाकी आहे. मला गप्पच बसावे लागते. पण माझा राग अजून गेलेला नाही.

मी स्टेनलेस स्टीलची. माझ्या लोखंडात क्रोमियम मिसळलेले आहे. हवा लागली की ते तिच्यातला ऑक्सिजन धरते आणि माझ्या अंगावर कवच चढते. इतके पातळ, की डोळ्यांना दिसत नाही. इतके घट्ट, की गंजाला आत शिरू देत नाही. ओरखडा पडला तरी हवा लागताच ते आपोआप भरून येते. त्या कवचाच्या जोरावर मी बावीस वर्षे दूध सांभाळले.

मग तोटी गळू लागली. वेल्डर आला, सोबत त्याची लेक. जोड झाला. आता वेल्डिंगच्या आचेने काळी पडलेली जागा घासायची होती आणि त्याचा स्टीलचा ब्रश घरी राहिला होता. डेअरीच्या साहेबांनी फाटक घासायचा तारेचा ब्रश पुढे केला.

“हा लोखंडाचा आहे साहेब. याचे कण टाकीला चिकटतील. अर्ध्या तासात माझा घेऊन येतो.”

“ब्रश तो ब्रश. दुधाची गाडी दारात उभी आहे आणि तुम्ही मला शिकवताय? घासा.”

त्याने घासले. लोखंडाचे कण माझ्या अंगात रुतले, आणि रुतले तिथे कवच धरेना. तिसऱ्या दिवशी तपकिरी डाग उठले. साहेबांनी वेल्डरला बोलावून घेतले; लेकही सोबत आली.

“खोटं स्टील लावलंत,” साहेब कडाडले. “टाकी जाईल भंगारात, आणि तुमचं नाव मी प्रत्येक डेअरीत सांगणार. पुन्हा कुठे काम मिळतं ते बघतोच.”

वेल्डर आपली पिशवी उचलून निघू लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. गंज त्या ब्रशाचा होता, माझा नव्हे. ते कण आम्लाने धुऊन काढा, हवा लागू द्या, मी पुन्हा कवच चढवीन. मित्रांनो, आम्हांला लोखंडाने घासू नका. आणि ज्याला काम कळते, त्याचे बोलणे मध्येच तोडू नका.

“बाबा, तुम्ही बोलत का नाही?” लेकीने विचारले.

“त्यांना नाही पटायचं, बाळा.”

तिने फाटकाचा तो ब्रश उचलला. साहेबांच्या टेबलावरचा चकचकीत स्टीलचा पेला घेतला, खसाखसा घासला, पाण्यात बुडवला आणि ओलाच परत त्यांच्यासमोर ठेवला.

“काका, उद्या याला गंज चढला,” ती म्हणाली, “तर याला खोटं स्टील कोणी लावलं ते सांगा.”