रबरी साचा

रोह्याच्या शाळेत विज्ञानाच्या कार्यक्रमाला पाहुण्या म्हणून यायचं, असं जुन्या विद्यार्थिनीने, दिपिकाने फोनवर सांगितलं तेव्हा विमलबाईंनी गुडघ्यांचं निमित्त पुढे केलं. दिपिकाने पेणला गाडीच पाठवली. मग नाही म्हणायला जागा उरली नाही. वडखळ मागे पडलं तसा बाईंना तो जुना तास आठवला.

तीस वर्षांपूर्वी पेणला अकरावीच्या वर्गात त्या एन्झाइम शिकवत होत्या. समोरची निम्मी मुलं गणपतीच्या कारखान्यांच्या आसपास वाढलेली, म्हणून त्यांनी दाखला दिला, "एन्झाइम म्हणजे साचा. ज्या पदार्थावर त्याला काम करायचं, तो त्यात नेमका बसतो. साचा मात्र असतो तसाच राहतो."

तिसऱ्या बाकावरून दिपिका उठली. तिची आई गिरजाबाई कारखान्यात साचे भरायची.

"बाई, तसा नाय होत. रबराचा साचा रिकामा असला की लोळागोळा पडतो. आत माल ओतला की ताणतो, तवा त्याला आकार येतो. मूर्ती काढली की परत पयल्यासारखा."

"मग उद्यापासून तुझ्या आईलाच बोलवू का शिकवायला?" बाई म्हणाल्या, आणि वर तिचं 'तसा नाय होत' तिच्याच हेलात म्हणून दाखवलं. वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरचा धनेश "रबर!" म्हणून ओरडला. ते नाव तिला चिकटलंच.

त्याच आठवड्यात बाईंनी ग्रंथालयातलं जाड पुस्तक काढून वाचलं. पदार्थ येऊन चिकटला की एन्झाइम स्वतः हलतं, त्याच्याभोवती मिटतं, कामाचे भाग त्या हालचालीनेच जागेवर येतात, आणि काम झालं की पुन्हा सैल होतं. पोरगी बरोबर होती. उद्या वर्गात सांगू, असं म्हणत त्यांनी पुस्तक परत केलं. पुढे चाचणीत दिपिकाने तेच उत्तर लिहिलं, तेव्हा बाईंनी त्यावर लाल काट मारली. मारताना हात थांबला होता, तरी मारली.

आता दिपिका रोह्याजवळच्या धाटावला एका कंपनीत प्रयोगशाळेची प्रमुख होती. कपडे धुण्याच्या पावडरीत घालायची एन्झाइम तिच्या हाताखालून जायची. कार्यक्रमात मुलांसमोर तिने पिशवीतून खराच रबरी साचा काढला, त्यात पाणी भरलं. साचा ताठ झाला. मुलं पुढे सरकली.

"एन्झाइम एवढं फुगत नाही," ती म्हणाली. "जरासं वळतं, मिटतं. पण त्या जराशावरच सगळं काम. आता माझ्या बाई बोलतील."

विमलबाईंनी माईक घेतला. "विज्ञानाची आवड जोपासा, आईवडिलांचं नाव काढा," एवढं बोलून त्या खाली बसल्या. टाळ्या पडल्या.

मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा आला. दोघीच होत्या.

"दिपिका, तुझं बरोबर होतं गं. मला तेव्हाच कळलं होतं."

"ठाऊक हाय, बाई. ग्रंथालयातलं ते जाड पुस्तक मीबी काढलं होतं. त्याच्या कार्डावर माझ्या वरती तुमचं नाव होतं. तारखेसकट." तिने बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "वर्ष संपेपर्यंत वाट बघितली मी. आज माईक दिला, तेव्हाही वाटलं, बोलाल."

विमलबाईंनी कप खाली ठेवला.

"त्या वर्गातलं इथे कुणी आहे?"

"धनेश हाय की, आमच्याच कंपनीत. गेटवर भेटला की अजून 'काय गो रबर' करतो मेला."

"कधी सुटते त्याची शिफ्ट? तुझं बरोबर होतं, हे त्यालाही सांगते."

"तीनला. पण बाई, तिथं सगळी गर्दी असते. लोक बघतील."

"वर्गानेही बघितलं होतं." बाई खुर्चीचा हात धरून उठल्या. मैदानात मुलं रांगेने निघाली होती. "आधी त्यांना परत बसव, माईक दे. मग धाटावला जाऊ."