पिवळी गाडी कोणाची

बाबांना लेकीकडे राहायला येऊन महिना झाला, तरी पंखा लावायचा तर ते अजून विचारायचे, "लावू का गं?" चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त करून दुकान बंद केलेला माणूस सोफ्याच्या अगदी कडेला टेकायचा, आत्ता उठायचंच असल्यासारखा. पाच वर्षांची नात खेळायला हात धरून ओढायची, तर म्हणायचे, तुम्ही खेळा, मी बघतो.

त्यांच्या लेकीला, धाकटीला, हे सलत होतं. म्हणून त्या दुपारी तिच्या तान्ह्या बाळाचा डोळा लागला तसा तिने त्यांच्या सामानातला डबा बाहेर काढला.

डबा म्हणजे तळहातावर मावणारा, लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर. बारा वर्षांपूर्वी सिनेमे बघायला म्हणून बाबांनीच टीव्हीला जोडलेला. मग त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ आला आणि सिनेमे राहिले बाजूला. दादाची लाल गाडी, धाकटीची निळी, बाबांची पिवळी. पिवळी कायम शेवटी. दोघं भावंडं त्यांना कच्चा लिंबू म्हणायची आणि बाबा आपले मान खाली घालून बटणं दाबत राहायचे. एकदा चक्क पिवळी पहिली आली, तेव्हा ते बावरून म्हणाले होते, "अरे, मी काहीच केलं नाही." केवढा तो विनय, म्हणून दोघं लोटपोट हसली होती.

पिशवीतून तिघांचे बिनतारी कंट्रोलर निघाले. चार्ज केल्यावर दादाचा लगेच जोडला गेला, तिचाही. बाबांचा दिवा मात्र लुकलुकायचा आणि विझायचा.

"तो मेलाय. सोड," बाबा सोफ्यावरून म्हणाले. जरा घाईनेच.

पण उघडून बघितल्याशिवाय काही मेलं म्हणायचं नाही, हे ती त्यांच्याच दुकानात शिकली होती. तिने कीबोर्ड लावला, आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि डब्याला विचारलं, तुझ्या ओळखीचं कोण कोण आहे? बाबांनी ठेवलेली नावं ओळीने आली : थोरला, धाकटी, लिंबू. मग तिने लिंबूची माहिती मागवली. पेअर केलेला : हो. भरवशाचा : हो. त्याच्याखाली, ब्लॉक केलेला : हो.

हे आपोआप होत नाही. कुणाला तरी बसून तशी आज्ञा टाइप करावी लागते.

तिने ब्लॉक काढला. दिवा स्थिर झाला. तिन्ही कंट्रोलर जोडून शर्यत सुरू केली, तर गाड्या उचकी लागल्यासारख्या अडखळू लागल्या. डब्याला दोनच झेपत होते, तिसरा आला की त्याला धाप लागायची. दोनच ठेवले की सगळं सुरळीत : लाल आणि निळी त्या दोघांच्या हाती, आणि पिवळी गाडी मग डबा स्वतःच चालवायचा.

तिने मागे वळून बघितलं नाही. बाळ चुळबुळायला लागलं होतं. तेवढ्या वेळात तिने आणखी एक ओळ टाइप केली.

संध्याकाळी तिने नातीच्या हातात दादाचा कंट्रोलर दिला, बाबांच्या हातात बाबांचा.

"अगं, हा चालत नाही."

"धरा तर."

त्यांनी सवयीने बटण दाबलं. निळी गाडी सुसाट सुटली आणि भिंतीवर जाऊन आदळली. हातातलं बंद घड्याळ अचानक टिकटिकावं तसे ते कंट्रोलरकडे बघत राहिले.

"ही माझ्यामुळे गेली?"

"आजोबा, तू उलटा चाललायस," नात म्हणाली. "तू ना, कच्चा लिंबू आहेस."

आता त्यांना ते झोंबलं. ते सोफ्यावर नीट मागे सरकून बसले. दुसऱ्या फेरीत घाम आला, तसे कुणालाही न विचारता उठले, पंखा लावला आणि परत येऊन मांडी ठोकून बसले.

तिसऱ्या फेरीत त्यांचं लक्ष धाकटीच्या अंगठ्यांकडे गेलं. तीही बटणं दाबत होती.

"तुझी कुठली?"

"पिवळी."

त्यांनी तिच्या कंट्रोलरच्या विझलेल्या दिव्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. तोवर निळी गाडी पुन्हा भिंतीवर गेली.

"जपून हं," ते हळूच म्हणाले. "ती एखाद वेळी पहिली येते."