तोकुनागाचा गोल

उराहामा फुटबॉल संघाचा फॉरवर्ड रित्सुओ तोकुनागा एकोणचाळीस वर्षांचा होता. गेल्या बावन्न सामन्यांत त्याच्या नावावर एकही गोल नव्हता, आणि गावात त्याच्याइतका लाडका माणूस दुसरा नव्हता.

गोल आटले तशी लोकप्रियता का चढली, हे त्याचं त्यालाच उमगेना. संघाला पैसा पुरवणाऱ्या माशाच्या वड्यांच्या कारखान्याने पाकिटावर त्याचा ओशाळा चेहरा छापला आणि खाली लिहिलं, ‘पुढच्या वेळी नक्की!’ वड्या धडाधड खपल्या. परीक्षेत गटांगळ्या खाल्लेले विद्यार्थी, बढती हुकलेले कारकून, सगळे त्याच्याच नंबराचा शर्ट घालून यायचे. शेवटच्या दहा मिनिटांत तो उतरायचा, चेंडू आभाळात मारायचा आणि टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. रोज सकाळी तो दोन तास डोक्याने चेंडू मारण्याचा सराव करायचा. ते बघायला कुणी येत नसे.

त्रेपन्नाव्या सामन्यात कॉर्नरवरून चेंडू आला, तोकुनागा सगळ्यांच्या वर उसळला आणि जाळं हललं. हात पसरून तो आपल्या माणसांकडे धावला. ती बसूनच होती. पुढच्या रांगेतला एक विद्यार्थी भरल्या डोळ्यांनी म्हणाला, “तुम्हीसुद्धा?”

सोमवारी संघाचे अध्यक्ष मुकोयामा यांनी त्याला चहाला बोलावलं. “अभिनंदन,” ते म्हणाले, कुणाच्या घरी समाचाराला गेल्यासारखे. “तोकुनागा-सान, चेंडू नक्की तुमच्याच डोक्याला लागला ना?”

“टेंगूळ आलंय. दाखवू?”

“नको, नको. पण त्यांच्या बचावपटूच्या खांद्याला चाटून गेला, असं काही जण म्हणतात. तुम्ही पत्रकारांना एवढंच सांगा, ‘मला नीट आठवत नाही.’ कारखान्याने ‘पुढच्या वेळी नक्की!’ची नवी पाकिटं छापून ठेवलीत हो!”

घरी त्याने बायकोला, साएकोला, हे सांगितलं. तिने भाताचा वाडगा त्याच्यापुढे सरकवला. “मग म्हण की. बायकोचा वाढदिवस आठवत नाही तुला, गोल कसा आठवेल?”

“तो आठवतो ना, तीच तर पंचाईत आहे.”

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यांपुढे तो ताठ उभा राहिला. “गोल माझाच होता. आणि झकास होता.”

पुढच्या सामन्याला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. हंगाम संपला तसा त्याचा करारही संपला. निरोपाच्या समारंभात मुकोयामा हुंदके देऊन रडले; इतके, की नव्या फॉरवर्डशी ओळख करून देताना त्यांना चष्मा पुसावा लागला.

आता रविवारी तोकुनागा जहाजबांधणीवाल्यांच्या हौशी संघाकडून खेळतो. परवा त्याने दोन गोल केले आणि तिसरा बारवर आदळला. कठड्यावर टेकलेला एक म्हातारा ओरडला, “अरे गाढवा, समोर गोल मोकळा होता! डोळे घरी ठेवून आलास काय?”

कित्येक वर्षांत त्याला असं कुणी झापलं नव्हतं. त्याने म्हाताऱ्याला कमरेत वाकून नमस्कार केला आणि चेंडूमागे सुसाट पळत सुटला.