पायाकडून एक वीत कमी

मित्रांनो, मी जमिनीची उंची मोजणारी एक जुनी लाकडी काठी आहे. आमच्यातल्या कोणी आपली हकिकत सांगायला बसले, की किती टेकड्या मोजल्या आणि किती वाटा आखल्या याचा पाढा वाचला जातो. तो मलाही वाचता आला असता. परंतु ज्या गोष्टीची लाज वाटते ती गाळून बाकीचे सांगणे म्हणजे माझी जुनी चूक पुन्हा करणे होईल. म्हणून आज मी सगळे सांगणार आहे.

एका सुताराने सागाची सरळ फळी वर्षभर सावलीत वाळवली आणि तिच्यातून मला घडवले. मधोमध बिजागरी बसवली, अंगावर तांबडे-काळे पट्टे आणि आकडे रंगवले. माझे काम साधे आहे. एक जण मला जमिनीवर ताठ उभी धरतो. दुसरा लांबून, तिपाईवरच्या दुर्बिणीतून, माझ्यावरचा आकडा वाचतो. जागा सखल असेल तर माझा वरचा आकडा दिसतो आणि उंच असेल तर खालचा. दोन जागी वाचलेल्या आकड्यांत जो फरक, तोच त्या जागांच्या उंचीतला फरक.

मी ज्या उद्यानाच्या कचेरीत रुजू झाले, तिच्या ताब्यात एक टेकडी, थोडे रान आणि लांबलचक समुद्रकिनारा होता. लोक तेथे पायी हिंडायला येत आणि तंबू ठोकून मुक्काम करीत. पायवाट कोठून न्यायची आणि तंबू कोठे लावू द्यायचे हे आमचे थोरले मोजणीदार ठरवीत. त्यांची पद्धत मोठी चोख होती. वाळलेल्या फांदीखाली तंबू नको. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तर मुळीच नको, कारण पाऊस वर कोठेतरी पडतो आणि ओढ्याला खाली पाणी येते. तंबूचे तोंड वाऱ्याकडे नको. किनाऱ्यावर मोठ्यात मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा किमान दोन वीत उंच जागा हवी, कारण पाण्यावर लाटाही असतात. एवढे सगळे जमल्यावरही ते त्या जागी डबा उघडून तासभर बसून राहत.

"साहेब, मोजून झालं ना? मग आता कशाची वाट बघताय?" असे एकदा तेव्हाच्या गड्याने विचारले. मला उभी धरण्याचे काम त्याच्याकडे असे.

"मुंग्यांची," थोरले म्हणाले. "आपल्याला तासभर बसू देत नाहीत, त्या लोकांना रात्रभर झोपू देतील होय?"

अशा माणसाच्या हाताखाली माझी तेरा वर्षे गेली. मग एका उतारावर माझा खालचा भाग दगडात अडकून उभा चिरला. सुताराने चिरलेला तुकडा कापून टाकला आणि नव्या टोकाभोवती उंच लोखंडी टोप ठोकला; तळाचे आकडे त्याखाली झाकले गेले. मी पायाकडून एक वीत तोकडी झाले. वरचे आकडे मात्र होते तेथेच राहिले. म्हणजे आता मी कोठेही उभी राहिले, की खऱ्यापेक्षा एक वीत जास्त आकडा दाखवू लागले.

तुम्ही म्हणाल, मग ही काठी फेकूनच द्यायला हवी होती. तसे नाही. दोन्ही जागी मीच उभी राहिले तर दोन्हीकडे तेवढीच चूक होते आणि वजाबाकीत ती निघून जाते. घोटाळा होतो तो एका जागी मी आणि दुसऱ्या जागी दुसरी धड काठी उभी केली तर. थोरल्यांनी माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने ठळक लिहिले : 'पायाकडून एक वीत कमी. जोडीला दुसरी काठी घेऊ नये.'

मला ते अक्षर मुळीच आवडले नाही. आपले व्यंग पाठीवर मिरवायचे, आणि तेही जाईल तेथे! कोणी मला भिंतीला टेकवून ठेवले, की पाठ भिंतीकडे आहे ना, एवढेच मी पाहत असे.

पुढे पुष्कळ वर्षांनी तो गडी काम सोडून गेला, थोरलेही निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मोजणीदार बाई आल्या. बाई हुशार होत्या आणि कामाला वाघ होत्या. त्यांनी ॲल्युमिनियमची एक नवी काठी मागवली. मलाही टाकून न देता घासून-पुसून रंगवायला सांगितले. मला धरण्याचे काम आता नव्याने आलेल्या माळीबुवांकडे होते. रंगाचा डबा घेऊन ते बसले आणि मला उलटी करून थबकले.

"बाई, इथं मागं काहीतरी लिहिलंय. 'जोडी' का काय... बाकीचं उडालंय."

बाई नकाशात डोके घालून बसल्या होत्या. "जुनी काहीतरी नोंद असेल. पाठ सगळी एकसारखी करून टाका."

मित्रांनो, त्या क्षणी मला आनंद झाला. माझ्या पाठीवरून कुंचला फिरला आणि मी मनात म्हणाले, सुटले! ओरडण्यासाठी काठीला तोंड नसते, हे खरे. पण तोंड असते तरी त्या दिवशी मी गप्पच राहिले असते. मला लाज वाटते ती या गोष्टीची.

त्याच वर्षी सुट्टीपूर्वी किनाऱ्यावर तंबूंच्या बारा नव्या जागा आखायच्या होत्या. कचेरीच्या पायरीत उंचीची एक पक्की पितळी खूण आहे. सारे मोजमाप तिच्यापासून सुरू होते. एकच काठी असली तर ती आधी खुणेवर धरायची, मग वाळूत न्यायची आणि दुर्बीण हलवली की पुन्हा खुणेवर आणायची. हा हेलपाटा वाचवायला बाईंनी युक्ती केली. मला माळीबुवांच्या हाती देऊन पितळी खुणेवर कायमची उभी केली आणि नवी काठी वाळूत फिरवली. मी नव्या रंगात, पायरीवर, सगळ्यांच्या वर उभी होते. मला कोण अभिमान वाटला! खुणेवर मी एक वीत जास्त दाखवीत होते, त्यामुळे हिशेबात दुर्बीण आहे त्याहून एक वीत उंच धरली गेली आणि खालची सगळी वाळूही कागदावर तेवढीच उंच चढून बसली.

खुंट्या ठोकायला खुंटीकाका होते. वीस वर्षे त्या किनाऱ्यावर हातोडा चालवलेला माणूस. सगळे त्यांना याच नावाने हाक मारीत. अकराव्या जागेवर ते थांबले.

"बाई, इथवर उधाणाचं पाणी येतं."

"काका, दुर्बीण सांगते ही जागा भरतीच्या दोन वीत वर आहे. तुम्ही पाणी कधी पाहिलंत?"

"साल आठवत नाही. बूट भिजले होते ते आठवतंय."

"बूट कुठेही भिजतात हो काका!"

माळीबुवा वरून ओरडले, "अहो, काका घामानं भिजवतात बूट!" सगळे हसले. काकाही हसले. मग त्यांनी बाईंनी दाखवलेल्या बिंदूवर खुंटी ठेवली आणि बोटभरही इकडे-तिकडे न होऊ देता ठोकली.

सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी उधाण आले. मी कचेरीच्या ओसरीत उभी होते, म्हणून सारे मला दिसले. पाणी आले ते लाट अंगावर फुटून नव्हे, तर खाली फुटलेल्या लाटांमागून सरपटत वर आले. शेवटच्या चार तंबूंच्या आत शिरले. अकराव्या जागेवर एक आजी घडीच्या खुर्चीवर चहा पीत बसल्या होत्या. खुर्चीचे पाय खचले आणि त्या कुशीवर पडल्या. त्यांचा मुलगा धावला, त्याने आईला उचलून वर आणले. नातीच्या चित्रांच्या वह्या पाण्यावर तरंगत गेल्या. आजींचे मनगट मोडले होते.

दुसऱ्या दिवशी उद्यानाच्या साहेबांनी सर्वांना बोलावले. नकाशा टेबलावर पसरला.

"कागदावर जागा भरतीच्या वर आहे. आकडेमोड मी स्वतः तपासली, बरोबर आहे. मग पाणी आलं कसं? खुंटी कोणी ठोकली?"

"मीच ठोकली, साहेब," खुंटीकाका म्हणाले.

"मग सरकली असणार तुमच्या हातून."

काका बाईंकडे पाहू लागले. बाईंनी नकाशाकडे पाहिले. आपला आकडा बरोबर आहे, असे त्यांना तेव्हा खरोखरच वाटत होते. पण काकांनी आधी सांगितले होते, एवढे तरी त्या बोलू शकल्या असत्या. त्या बोलल्या नाहीत. मी कोपऱ्यात पाठ भिंतीला लावून उभी होते.

काकांचा हातोडा काढून घेतला आणि त्यांना फाटकावर तिकिटे फाडायला बसवले. महिनाअखेरीस त्यांना कामावर ठेवायचे की नाही हे ठरणार होते. येणारे-जाणारे ओळखीचे लोक म्हणत, "काका, तिकीट तरी सरळ फाडा हं!" काका हसत नसत.

बाईंना चैन पडेना. त्यांनी आकडेमोड पुन्हा तपासली. मग फीत घेऊन एकट्याच वाळूत गेल्या आणि बाराही खुंट्यांचे अंतर मोजले. एकही खुंटी जागची हललेली नव्हती. म्हणजे काका निर्दोष होते. दुर्बीण तपासली, तीही ठीक निघाली. आठव्या दिवशी नवी काठी टेकडीवरच्या कामाला गेली होती, म्हणून त्यांनी मला एकटीलाच खुणेपासून वाळूपर्यंत फिरवून सगळे पुन्हा मोजले. अकरावी जागा कागदावरच्या उंचीपेक्षा बरोबर एक वीत खाली निघाली.

संध्याकाळी नवी काठी परत येताच त्यांनी आम्हा दोघींना फरशीवर शेजारी उभे केले. तिचे आकडे पायापासून सुरू होत होते. माझा टोप उपसून काढला तेव्हा माझा पहिला आकडा एक वीत पुढचा निघाला.

त्यांनी थोरल्यांना फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळे ऐकू आले.

"ती काठी खोटं बोलत नाही, बाई. तिला फक्त एकटीलाच विचारायचं असतं. पाठीवर लिहून ठेवलंय की मी."

"मी ते रंगवून टाकलं."

थोरले म्हणाले, "मग आता बोलून टाका. एक दिवस जाईल तसं ते जास्त अवघड होत जाईल."

सकाळी फाटकावर रांग लागली होती. बाई साहेबांना घेऊन आल्या आणि रांगेसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "काका, तुमच्या खुंट्या बरोबर होत्या. मोजमाप माझं चुकलं. तुम्ही सांगितलं होतंत, मी ऐकलं नाही. आणि त्या दिवशी साहेबांसमोर मी गप्प बसले."

काकांनी हातातले तिकीट फाडून दिले. "त्या आजींना सांगितलंत?"

"नाही अजून."

"मग आधी तिकडे जा."

त्याच दुपारी बाई मला घेऊन आजींच्या घरी गेल्या. आजींचा हात प्लास्टरमध्ये होता. बाईंनी सगळे सांगितले आणि माझा तोकडा पायही दाखवला.

"म्हणजे आमच्या मुलानं तंबू चुकीच्या जागी लावला नव्हता?"

"नाही हो. त्यानं खुंटी पाहूनच लावला होता."

"आणि मी आठ दिवस त्याला टाकून बोलतेय," आजी म्हणाल्या. "'एक तंबू नीट लावता येत नाही तुला,' असं सुनेसमोर म्हणाले. तोही बिचारा मान खाली घालून 'हो' म्हणत राहिला."

माझी एक वीत कोठवर पोहोचली होती, हे मला त्या दिवशी कळले.

काकांना हातोडा परत मिळाला. शेवटच्या चारही जागा रद्द झाल्या आणि त्या वर सरकवायचे ठरले. बाईंनी मला एकटीलाच घेतले. एका जागी दुर्बीण लावण्याआधी त्यांनी विचारले, "काका, इथे पाणी येतं का?"

"तुम्ही मोजा, बाई. तुम्ही म्हणाल तिथे ठोकतो."

पूर्वी न विचारता सांगणारा तो माणूस आता विचारूनही सांगत नव्हता. बाईंनी पुन्हा विचारले. काका हातोड्याचा दांडा पुसत राहिले. माळीबुवांनाही विनोद सुचला नाही. बाईंनी दुर्बिणीवर झाकण घातले आणि वाळूत बसून तिसऱ्यांदा विचारले, "मला खरंच माहीत नाही काका. सांगा ना."

बऱ्याच वेळाने काका समुद्राकडे पाहत म्हणाले, "अजून चार पावलं वर."

बाई उठल्या आणि चार पावले वर चालून गेल्या. मग माळीबुवांनी मला तेथे उभी केली. जागा भरतीच्या दोन वीत वर भरली; मोजमाप काकांच्या बाजूने निघाले.

मित्रांनो, तोकडे असण्यात काही पाप नाही. तोकड्या पायाने मी पुष्कळ वर्षे खरे काम केले. आपली उणीव झाकली गेली याचा मला हर्ष झाला, तो माझा दोष होता, कारण तिचा भार माझ्यावर पडला नाही. तो पडला एका हातोड्यावर, एका मनगटावर आणि एका मुलाच्या खाली घातलेल्या मानेवर. तुम्ही रानात, टेकडीवर किंवा किनाऱ्यावर तंबू लावायला जाल, तेव्हा खुंटीवर विश्वास ठेवा, पण भरतीचे पाणी जेथवर येते तेथे राहिलेली वाळलेल्या शेवाळाची रेषाही पाहा, आणि तेथे राबणाऱ्या माणसाला आवर्जून विचारा. तुमच्यात काही उणे असेल तर ते ज्यांचे काम तुमच्यावर टेकलेले आहे त्यांना स्वतः होऊन सांगा. आणि चूक तुमची असताना दुसऱ्या कोणाला दोषी म्हणून उभे केले असेल, तर आठव्या दिवसाची वाट पाहू नका. काका आता पुन्हा बोलतात. पण अजूनही, बोलण्यापूर्वी ते थोडे थांबतात.